माझ्या नावावरच्या फायली

"आपण जरा उभ्या राहता का? म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल, त्यांची जागा कोण खातंय ते."

सर असं म्हणाले आणि मी उभी राहिले. अनवाणी. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी असायचा आणि फरशी बर्फासारखी गार. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. त्या दिवशी सोमवार होता. तीस टर्मिनलांसमोर बाकीचे एकोणतीस जण बसलेले, आणि मी एकटी उभी. पायाची बोटं आखडून.

सरांच्या हातात यादी होती. दर सोमवारी सकाळी ते ती यादी छापून लॅबच्या दारावर चिकटवायचे. काचेच्या खोलीत एकच मोठं मशीन होतं आणि आम्ही सगळे त्याच्याच डिस्कवर काम करायचो. प्रत्येकाला वीस एमबी. आज कुणाला सांगितलं तर हसतील, मोबाइलमधला एक व्हिडिओसुद्धा त्यात मावणार नाही. पण तेव्हा वीस एमबी म्हणजे माणसाचं सगळं शिक्षण त्यात मावायचं. कुणी वीसच्या वर गेलं की त्याचं नाव दारावर. चौथ्या सोमवारपर्यंत खाली यायचं. नाही आलं तर मशीन त्याचं काही लिहून घ्यायचं नाही. अकाउंट बंद.

तीन सोमवार लागोपाठ माझं नाव पहिलं होतं, पुढे आकडा तेवीस.

"काय ठेवलंय एवढं?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं, "प्रोजेक्ट आहे, सर. मराठी अक्षरांचा."

एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. माझ्या प्रोजेक्टमध्ये प्रिंटरवर मराठी अक्षरं उमटवायची होती. आमचा प्रिंटर टिंबाटिंबांनी छापायचा आणि त्याला फक्त इंग्रजी यायचं. मी एकेक अक्षर चौकटीच्या कागदावर टिंबं देऊन काढलं होतं आणि मग ती टिंबं एकेक करून मशीनमध्ये भरली होती. अ ते ज्ञ. वर काना, मात्रा, वेलांट्या. ळ ला चार दिवस लागले होते. त्याची दोन्ही पोटं सारखी यायची नाहीत. सगळं मिळून माझ्या डिरेक्टरीत, म्हणजे मशीनवरच्या माझ्या घरात, तीन एमबीसुद्धा नव्हतं. मी ते मोजून बघितलं होतं. दहादा मोजलं होतं.

"सर, माझं तीनच एमबी आहे," मी म्हणाले.

"असं? मग बाकीचं काय मशीन स्वतःच्या मनाने लिहितं?" वर्ग हसला. "मशीन खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात. पिशवी आणा इकडे."

मी पिशवी दिली. त्यांनी ती टेबलावर उलटी केली. त्यांना फ्लॉप्या शोधायच्या होत्या. त्यांना वाटत होतं की मी गेम्स, चित्रं, काहीबाही आणून मशीनवर लपवते. फ्लॉपी एकच निघाली, तीही कोरी. एक डबा निघाला, बसचा पास निघाला. आणि कागदांचा गठ्ठा निघाला.

ते कागद लॅबमधलेच होते. हिरव्या पट्ट्यांचे, दोन्ही कडांना भोकं असलेले. लोक छापायचे, चूक झाली की टोपलीत टाकायचे. मागची बाजू कोरी असायची. मी ते टोपलीतून उचलायचे. त्या कोऱ्या बाजूवर मी चौकटी आखल्या होत्या आणि त्यात अक्षरं काढली होती. माझं सगळं मूळ काम त्या कागदांवर होतं.

सरांनी एक कागद वर धरला. "ही काय रांगोळी आहे?"

पुन्हा हसणं.

"आणि कागद संस्थेचा. म्हणजे जागाही आपली आणि कागदही आपला." 'आपला' म्हणताना त्यांनी हात वर्गावरून फिरवला. तो हात माझ्यापाशी येऊन थांबला आणि मागे गेला. ते मी पाहिलं. ते मी कधीच विसरले नाही.

गठ्ठा त्यांनी स्वतःच्या कपाटात टाकला आणि म्हणाले, "बसा. आणि पुसा. सगळ्यांसमोर. जागा कशी मोकळी होते ते सगळ्यांना कळू दे."

मी बसले. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. माझ्या मनात एकच होतं, अकाउंट बंद झालं तर प्रोजेक्ट गेला, प्रोजेक्ट गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर घरून पुन्हा पाठवायचे नाहीत. धाकट्या भावाला शाळेतून काढून मला इथवर आणलं होतं. म्हणून मी पुसलं. क पुसला. ख पुसला. सर खुर्चीमागे उभे होते. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास होता. ळ पुसताना माझा हात थांबला तर ते म्हणाले, "चला, चला." त्या मशीनवर पुसलेलं परत येत नसे. 

सगळं पुसून झाल्यावर मी आकडा बघितला. तेवीसचा वीस आणि वर थोडं झालं होतं. अजूनही मर्यादेच्या बाहेर.

मला वाटलं, आता तरी यांना कळेल. माझ्या घरात आता एक फाईल नाही आणि तरी आकडा वीसच्या वर आहे, म्हणजे काहीतरी गडबड आहे, एवढं तरी कळेल. सरांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे वळले.

"कुठे लपवलंय?"

मी म्हणाले, "सर, डिस्कची नक्कल टेपवर घेतात ना, तिच्यावर माझी अक्षरं असतील का? परत मिळतील का?"

"टेप संशोधनासाठी असते. पुढच्या सोमवारपर्यंत खाली या. नाहीतर अकाउंट बंद." मग वर्गाकडे बघून म्हणाले, "चिन्मयकडून शिका जरा. एवढं मोठं काम करतो आणि कधी दहाच्या वर नाही. याला शिस्त म्हणतात."

चिन्मय खिडकीजवळ बसायचा. पीएचडी करत होता, सरांच्या हाताखाली. शनिवार पेठेत सरांच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. त्याने मान खाली घातली. मला तेव्हा वाटलं, हा बिचारा संकोचला.

त्या दिवसापासून मी सगळ्यांवर संशय घेऊ लागले.

माझ्या नावाने कुणीतरी लिहीत होतं. कोण? माझा पासवर्ड कुणाला माहीत होता? मी टाइप करते तेव्हा शेजारी कोण बसतं? शेजारी नसरीन बसायची. आमची दोन वर्षांची मैत्री. माझी बस येरवड्याहून उशिरा आली की ती माझी खुर्ची धरून ठेवायची. रविवार पेठेत तिच्या वडिलांचं कुलपांचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. किल्ली हरवली की अर्धी पेठ त्यांच्याकडे जायची.

आणि माझ्या मनात काय आलं असेल? लिहायलाही लाज वाटते. माझ्या मनात आलं, कुलपवाल्यांची पोर. हिला किल्ली काढता येत असणार.

ज्या डोळ्यांनी सर माझ्याकडे बघत होते, त्याच डोळ्यांनी मी नसरीनकडे बघितलं. मी पासवर्ड बदलला. टाइप करताना हात आडवा धरू लागले. मंगळवारी मी दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. ती उठून माझ्याजवळ आली.

"माझ्यावर शंका आहे का तुझी? सरळ विचार ना."

"छे. तसं काही नाही," मी म्हणाले.

ती परत जाऊन बसली. तिचं स्वतःचं नाव यादीत दुसरं होतं, हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. संशयाने माणूस आंधळा होतो असं नाही. त्याला नको तिथे फार दिसू लागतं.

आठवडाभर असंच. पासवर्ड बदलला तरी आकडा तसूभर हलला नाही. उलट शुक्रवारी थोडा चढला. मग मला स्वतःचाच संशय येऊ लागला. मी काही चालू ठेवून गेले का? मला हे मशीन कळतच नाही का? आमच्यासारख्यांना हे जमायचं नाही, असं सर तोंडाने कधी म्हणाले नव्हते. पण आता मीच ते मनात म्हणत होते.

रविवारी सकाळी दादा घरी होते. माझे वडील. महापालिकेच्या बागेत माळी. सुट्टीच्या दिवशी ते दारात बसून सायकलची चेन साफ करायचे. त्यांनी विचारलं, तोंड का उतरलंय. मी सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना काय सांगणार, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. की सगळ्यांना सारखी जागा दिलीय. माझ्या नावावर जास्त निघतीय. मी माझं सगळं घर रिकामं केलं तरी निघतीय. आणि सगळ्यांसमोर मला चोर म्हणतात.

दादांचा हात चेनवर थांबला.

"ठरवल्यापरीस जास्त कुणी ठेवायची न्हाई, असा नेम हाय का तिथं?"

"हो."

"मंग हे सीलिंगचंच हाय की."

मला कळलं नाही. मग दादांनी ते सांगितलं, जे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. हडपसरच्या पलीकडे आमचं गाव. माझे आजोबा एका मालकाकडे सालाने राबायचे. जमिनीच्या मर्यादेचा कायदा आला. एका घराने ठरावीक एकरांपेक्षा जास्त ठेवायची नाही. मालकाकडे त्याच्या कितीतरी वर होती. मग त्याने काय केलं, जमीन माणसांच्या नावावर फिरवली. गड्यांच्या. गुराख्याच्या. आजोबांच्या नावावर एक तुकडा चढला. आजोबांना पत्ता नाही. ते त्याच तुकड्यात मजुरीने नांगर धरत होते. जमिनीचे मालक कागदावर ते आणि त्यांच्या हातात मात्र मालकाचाच बैल.

"मंग भाव वाढला. मालकाला ती परत पायजे झाली. चावडीवर बोलावलं म्हाताऱ्याला. सगळं गाव बसल्यालं. म्हनला, माझी जमीन बळकावून बसलाय ह्यो. माझा बा हात जोडून उभा. म्या बारा वर्साचा आसंन. बा म्हनला, मालक, मला ठावं न्हाई, तुमची हाय तर घ्या. आन अंगठा दिला."

दादांनी फडक्याने हात पुसले. मग म्हणाले, "त्यो शेवटपर्यंत सांगायचा, म्या चोरी न्हाई केली. कुनी इचारलं न्हाई तरी सांगायचा."

मी विचारलं, "मग मी काय करू?"

"तुज्या नावावर काय हाय ते तुज्या घरात बघू नको. त्येंच्या घरात बघ."

सोमवारी मी पहिल्या बसने गेले. लॅब आठला उघडायची. शिपायाने कुलूप काढलं आणि मी आत गेले. दारावर नवी यादी आधीच चिकटवलेली होती. म्हणजे सर रविवारी येऊन गेले होते. माझं नाव पहिलं.

भिंतीवरच्या फळीवर मशीनची जाडजूड पुस्तकं होती. कुणी ती उघडत नसे. त्यात मी शोधलं. आतापर्यंत मी काय करत होते, तर माझ्या डिरेक्टरीत काय आहे ते मोजत होते. पण मशीन जागा डिरेक्टरीवरून मोजत नव्हतं. प्रत्येक फाईलला एक मालक असतो, तिच्यावर त्याचं नाव असतं, आणि मशीन ते नाव बघून मोजत होतं. फाईल कुठेही पडलेली असो. आणि पुढे एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. फाईलचा मालक आपली फाईल दुसऱ्या कुणाच्याही नावावर करू शकतो. त्याला विचारावं लागत नाही. त्याला कळतही नाही.

मी मशीनला सांगितलं, सगळी डिस्क शोध. वरपासून खालपर्यंत. जिथे जिथे माझं नाव आहे ते दाखव.

मशीन विचार करत राहिलं. मग ओळी येऊ लागल्या. एक, दोन, दहा. थांबेचनात. प्रत्येक ओळीत मालक म्हणून माझं नाव. आणि प्रत्येक फाईल चिन्मयच्या डिरेक्टरीत.

सरांच्या संशोधनाचे आकडे होते ते. मोठाल्या फायली. चिन्मयने त्या स्वतः तयार केल्या होत्या आणि मग माझ्या नावावर करून टाकल्या होत्या. जागा माझी भरत होती, काम त्याचं होत होतं. शिस्तीचा मुलगा. दहाच्या वर कधी नाही.

मी तिथेच थांबले नाही. त्या डिरेक्टरीतल्या सगळ्या फायलींचे मालक काढले. चिन्मयचं सोडून चार नावं निघाली. एक माझं. एक नसरीनचं. एक बीडहून आलेल्या मुलाचं, जो हॉस्टेलवर राहायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. एक नंदुरबारच्या आदिवासी पावऱ्यांच्या मुलाचं. बस. तीस जणांतली हीच चार. शनिवार पेठेतलं एकही नाव नाही. कोथरूडचं नाही. ही नावं काही डोळे मिटून निवडलेली नव्हती. चारही अशांची, की ज्यांच्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही. सर पिशवी उलटी करतील आणि वर्ग हसेल अशांची.

सरांना हे माहीत होतं का? आजही मला पुरावा देता येणार नाही. पण यादी ते बनवत होते. संशोधन त्यांचं होतं. त्यांच्या संशोधनाचे आकडे किती मोठे ते त्यांना माहीत होतं, आणि चिन्मयच्या नावावर दहा दिसतात हेही माहीत होतं. ज्या माणसाने माझी पिशवी उलटी केली त्याला हा हिशेब सुचला नसेल? मी त्यांना संशयाचा फायदा देत नाही. त्यांनी मला दिला नव्हता.

मग मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, ती सगळी ओळ न् ओळ छापली. कोणती फाईल, कुणाच्या डिरेक्टरीत, कुणाच्या नावावर. सहा पानं झाली. दारावरच्या यादीशेजारी मी ती चिकटवली. सरांच्याच डिंकाने.

दुसरी. फायली माझ्या नावावर होत्या ना? मालक मी. मग दार उघडं ठेवायचं की बंद, हे मालक ठरवतो. चिन्मयला त्या वाचता याव्यात म्हणून त्याने त्या सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्या होत्या, कारण कागदोपत्री तोच आता परका होता. मी त्या बंद केल्या. एकेक. माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. पुसल्या नाहीत. पुसायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. ळ आठवला आणि बोट त्या बटणावर गेलं. पण पुसलं असतं तर मी त्यांच्यासारखी झाले असते आणि वर पुन्हा चोर ठरले असते. मी फक्त बंद केल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

नऊ वाजता लोक येऊ लागले. दारात थांबू लागले. चपला काढायच्या निमित्ताने वाचू लागले. नसरीन आली, तिने वाचलं, तिचं नाव बोटाने दोनदा शोधलं, आणि आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. चिन्मय आला तो घाईतच. बाहेरचं न वाचताच बसला. थोड्या वेळाने त्याच्या स्क्रीनवर एकच उत्तर पुन्हा पुन्हा येताना दिसलं. परमिशन डिनाइड. परमिशन डिनाइड.

तो वळला. "ए, हे काय केलंस तू? माझा डेटा आहे तो."

"तुझ्या नावावर नाहीये," मी म्हणाले.

"अगं, तात्पुरता ठेवला होता. स्पेस नव्हती. टेक्निकल गोष्ट आहे, पर्सनल घेऊ नकोस ना."

तेवढ्यात सर आले. बाहेरची पानं त्यांनी वाचली असणार, कारण त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. तरी आवाज थंड. पुण्यातला तो आवाज मला आता चांगला ओळखीचा झाला होता.

"बाई, आपण फारच हुशार निघालात. आता त्या फायली उघडा."

मी उभी राहिले. या वेळी कुणी सांगितलं म्हणून नाही.

"त्या फायली कुणाच्या आहेत, सर?"

"काय?"

"माझ्या असतील तर मी का उघडू? आणि चिन्मयच्या असतील तर दारावर माझं नाव का?"

सरांनी एकदा चिन्मयकडे बघितलं, एकदा दाराकडे. त्यांच्यासारख्या माणसाला असं इकडेतिकडे बघताना मी पहिल्यांदा पाहत होते. मला आनंद झाला नाही. मला राग आला. इतकं सोपं होतं तर मी तीन सोमवार मान खाली घालून का बसले होते?

"माझ्याकडे मुख्य पासवर्ड आहे. मला तुमच्या परवानगीची गरज नाही," ते म्हणाले.

"मग करा, सर. पण इथे करा. सगळ्यांसमोर. मी पुसलं तसं."

मला वाटलं ते काचेच्या खोलीत जातील. पण बीडचा तो मुलगा, जो कधी बोलायचा नाही, तो आपल्या खुर्चीवरून उठला आणि ती खुर्ची सरांसाठी मागे ओढली. ती खुर्ची तशी मोकळी राहिली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. सर बसले. मुख्य पासवर्ड टाकला. आणि माझ्या नावावरच्या फायली एका ओळीच्या हुकमाने चिन्मयच्या नावावर केल्या. नसरीनच्या केल्या. त्या दोन मुलांच्या केल्या. मी खुर्चीमागे उभी होते.

"आकडा काढा, सर," मी म्हणाले. "माझा."

त्यांनी काढला. शून्य.

वर्ग बघत होता. या वेळी कुणी हसलं नाही. आणि मी त्या शून्याकडे बघत होते. चोरी माझ्या नावावर नव्हती हे सिद्ध झालं होतं. पण माझं काहीच माझ्या नावावर नव्हतं. क नव्हता. ळ नव्हता. ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

"झालं समाधान?" सर उठत म्हणाले.

"माझे कागद द्या. अक्षरांचे."

ते कपाटाकडे गेलेसुद्धा नाहीत. "ते रद्दीत गेले. टोपलीतले होते ना? टोपलीत गेले." आणि ते काचेच्या खोलीत निघून गेले. चिन्मयचं नाव त्या सोमवारी यादीत चढलं नाही. पुढच्या सोमवारी यादीच लागली नाही. नंतर कधीच लागली नाही. सर चुकले असं कुणी म्हटलं नाही, फक्त दारावर डिंकाचे डाग राहिले.

दुपारी चपला घालताना मी नसरीनला म्हणाले, "मी तुझ्यावर शंका घेतली होती."

"माहितेय," ती म्हणाली. "कुलपवाल्यांची म्हणून ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

तिने चपलेचा पट्टा लावला, उभी राहिली. "मला वाटलं होतं तू तरी तसं करणार नाहीस." आणि ती गेली. तिने माझी खुर्ची पुढेही धरून ठेवली, पण पूर्वीसारखं बोलली नाही. त्यात तिचं काही चुकलं नाही. त्या खोलीत माझा अपमान झाला, आणि तिथेच मी नसरीनचा अपमान केला. एक सांगायचं आणि दुसरं लपवायचं, हे मला जमणार नाही.

अक्षरं मी पुन्हा काढली. विकतच्या चौकटीच्या वहीत. अठरा दिवसांत. हात आता सरावला होता, ळ एकाच दिवसात जमला. प्रोजेक्ट झाला, पास झाले. गुण सरांनी दिले तितके मिळाले. कमी होते. मी ते विचारायला गेले नाही, कारण त्याच्याहून मोठं काहीतरी मला विचारायचं होतं आणि ते सरांना विचारण्यासारखं नव्हतं.

आज मी हडपसरच्या एका ऑफिसात नोकरी करते. हजार माणसांची मशीनं सांभाळते. कुणाला किती जागा, हे आता मी ठरवते. मुख्य पासवर्ड माझ्याकडे आहे. नवी मुलं माझ्यामागे मला संशयी बाई म्हणतात. आहे मी संशयी. कुणाचा आकडा वर गेला की मी त्या माणसाला बोलावत नाही. आधी त्याच्या नावावरचं काय कुणाच्या घरात पडलंय ते बघते. दहातल्या सात वेळा ते वरच्या कुणाच्या तरी घरात सापडतं.

आमच्या ऑफिसच्या गच्चीवरून दूरवर शेतं दिसायची. आता दिसत नाहीत, तिथेही इमारती झाल्या. त्यातल्या कोणत्या तरी इमारतीखाली तो तुकडा असेल, जो काही वर्षं माझ्या आजोबांच्या नावावर होता. दादा आता नाहीत. जाईपर्यंत ते त्या बाजूला माझ्याबरोबर कधी आले नाहीत.

मी गेल्या आठवड्यात गावच्या तलाठ्याकडे अर्ज दिला आहे. जुने सातबारे आणि जुने फेरफार मागितले आहेत. आजोबांचं नाव कधी चढवलं, कधी काढलं, अंगठा कुणासमोर घेतला, आणि आणखी कोणाकोणाची नावं होती. गुराख्याचं कोणतं, गड्यांची कोणती. तलाठी म्हणाला, "मॅडम, कशाला जुनं उकरता? जमीन तर मिळणार नाही." मला ठाऊक आहे, मिळणार नाही. मला जमीन नको आहे.

मला यादी हवी आहे. ती मी मीच काढलेल्या अक्षरांत छापणार आहे. कुणाच्या नावावर काय ठेवलं होतं आणि ते खरं कुणाच्या घरात होतं, ओळ न् ओळ. आणि ती मी त्याच चावडीच्या दारावर लावणार आहे, जिथे माझे आजोबा हात जोडून उभे होते. कुणी फाडली तर दुसरी लावीन. माझ्याकडे प्रिंटर आहे.